एक पोळी, वीस फेऱ्या

मॅडमनी मायाच्या पोटावर टेप दुसऱ्यांदा लावला, आणि काहीतरी चुकलं आहे हे प्रशिकला तेवढ्यावरच कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. माया टेबलावर उताणी पडून वरच्या पंख्याकडे बघत होती, नर्स कार्डावर काहीबाही लिहीत होती, आणि मॅडमचा चेहरा होता तसाच होता, रोज पन्नास-साठ पोटं तपासणाऱ्या बाईचा असायचा तसा. पण प्रशिक हा शहराबाहेरच्या वाडीत, ट्रक तोलणाऱ्या धर्मकाट्यावर अकरा वर्षं बसलेला माणूस. ट्रक काट्यावर चढतो, केबिनमधल्या डब्यावर लाल आकडा येतो, पावती फाडायची, ट्रक उतरतो. आकड्यावर भरवसा असला तर कोणी ट्रक मागे घेऊन पुन्हा चढवायला सांगत नाही. दुसरं वजन होतं ते संशय आला म्हणूनच. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, अंगात मुरलं होतं, आणि आता धरमपेठेतल्या या थंडगार खोलीत, बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत असताना, तो टेपवरचा आकडा वाचायला पुढे वाकला.

"किती आठवडे झाले?" मॅडमनी विचारलं.

"बत्तीस," नर्स म्हणाली.

मॅडमचा अंगठा टेपवर अठ्ठाविसाच्या आकड्यावर होता; जितके आठवडे, साधारण तितके सेंटिमीटर यायला हवे होते. "वजन?"

"मागच्या वेळेपेक्षा आठशे ग्रॅम कमी."

"कमी?" मॅडमनी आता कुठे मान वर केली. "आणि मागची वेळ कधीची? पाच आठवडे झाले की. मी दोन आठवड्यांनी बोलावलं होतं ना?"

हा प्रश्न मायाला होता, पण मायानं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं. प्रशिकनं घाईघाईनं मोबाईल पुढे केला. रोजच्या शुगरचे सगळे आकडे त्यात होते, उपाशीपोटीचे, जेवणानंतरचे, तारीखवार. "शुगर एकदम बरोबर येऊन राहिली होती मॅडम. एकही दिवस वर नाही गेली. एकदाच गेली, तर लगेच कंट्रोल केली. म्हणून म्हटलं, उगीच गर्दी कशाला." मॅडमनी तो मोबाईल हातात घेतला, अंगठ्यानं आकडे वर सरकवत गेल्या, आणि परत देताना म्हणाल्या, "शुगर छान आहे." शाबासकीची सवय झालेल्या प्रशिकला 'छान' हा शब्द असाही उच्चारता येतो हे माहीत नव्हतं. खाली जाऊन आत्ताच्या आत्ता सोनोग्राफी करून या, रिपोर्ट घेऊन सरळ वर या, नंबर लावू नका, असं त्या म्हणाल्या. नंबर लावू नका म्हटल्यावर तो आणखीच घाबरला. या दवाखान्यात नंबर न लावता कोणाला आत सोडत नसत.

खालच्या बाकावर दोघं बसली. मायानं पर्स मांडीवर ठेवली होती आणि पर्सवर दोन्ही हात. पोट मांडीला टेकत नव्हतं. समोरच्या बाकावरच्या बायकांची पोटं बघून हे त्याच्या आज लक्षात आलं. त्यातल्या एकीनं तर पोटावरच फाईल ठेवली होती, टेबलावर ठेवावी तशी. महिनाभरापूर्वी घरमालकीण म्हणाली होती, "माया वं, पाठीमागून तं तू पोटुशी वाटतच नाईस!" आणि प्रशिकला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता. जणू त्यानंच घडवली होती तिला. आता त्या अभिमानाची आठवण आली आणि त्याला बसल्या जागी शरम वाटली. "काही दुखून राहिलं काय?" त्यानं विचारलं. माया नाही म्हणाली. तिला खरंच काही दुखत नव्हतं, हेच तर होतं. दुखलं असतं तर कोणी आधी पाहिलं असतं.

दुखत तर मीराबाईलाही नव्हतं. मीराबाई म्हणजे प्रशिकची आई. वडील, देवराव, उमरेडच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच गेले, आणि आईला तो वाडीला घेऊन आला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिची शुगर तेव्हा कोणी मोजलेलीच नव्हती. एक दिवस अंगठा काळा पडलेला दिसला. "काई नाई वं, ठेच लागली," असं ती मायाला म्हणाली, आणि खरोखर तिला काही जाणवत नव्हतं. आधी अंगठा गेला, मग घोट्यापासून पाय, मग गुडघ्यापासून. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, आता इथे थांबेल. प्रत्येक वेळी प्रशिक सही करायचा. दोन मजले तो तिला पाठीवर घेऊन उतरायचा, आणि दर खेपेला ती पहिल्यापेक्षा हलकी लागायची, आणि ते हलकेपण त्याच्या पाठीला अजून आठवत होतं. एवढं होऊन बाईची गोडाची ओढ काही सुटली नाही. शेवटच्या महिन्यात तिच्या उशीखाली पेढ्याचा कागद सापडला तेव्हा तो असा ओरडला, की शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. माया स्वयंपाकाच्या ओट्याशी लाटणं हातात धरून तशीच उभी होती. तीन दिवसांनी मीराबाई गेली. पेढ्यानं काही गेली नाही, ती जाणारच होती, पण घरात शेवटचा मोठा आवाज झाला तो त्याचा. त्यानंतर या घरात साखर हा शब्दसुद्धा कोणी मोठ्यानं उच्चारत नसे.

म्हणून सहाव्या महिन्यात, ते गोड पाणी पाजून दोन तासांनी मायाचं रक्त तपासलं आणि शुगर एकशे छप्पन आली, हवी त्यापेक्षा जास्त, तेव्हा प्रशिकला दिसला तो पाय. मायाचा गोरटेला, पैंजण घातलेला पाय, आणि त्याचा अंगठा. मॅडमनी तर हसतच सांगितलं होतं: घाबरायचं काही नाही, बऱ्याच जणींना होतं, गोड बंद करा, भात-पोळी जरा कमी करा, थोडं थोडं पण वारंवार खा, डाळ-अंडी-दूध चुकवू नका, जेवण झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं चाला. एवढ्या सगळ्यातून 'बंद', 'कमी' आणि 'चाला' एवढं वाडीपर्यंत पोचलं. 'वारंवार' अमरावती रोडवर कुठेतरी गळून पडलं. घरी आल्याबरोबर त्यानं कपाटातून आईचं शुगर मोजायचं यंत्र काढलं, नव्या पट्ट्या आणल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून मायाच्या बोटांना टोचायला सुरुवात केली. सकाळी एक पोळी, रात्री एक पोळी. भात नाही. बटाटा नाही. केळं तर घरात येणंच बंद झालं. डाळीवर त्याचा तसा राग नव्हता, पण डाळीतही साखर असते असं मोबाईलवरच्या एका हिंदी बाबानं सांगितलं होतं, म्हणून तीही वाटीची अर्धी वाटी झाली. दूध ताकावर आलं, ताक पाण्यावर आलं. यंत्रावरचा आकडा दर आठवड्याला खाली उतरत गेला, आणि आकडा खाली उतरताना बघण्यात असं सुख असतं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आईच्या वेळी तो कधीच उतरला नव्हता.

आणि चालणं. वाडीत गरोदर बाईनं चालायचं कुठे? रस्त्यावर दिवसरात्र ट्रक, फुटपाथवर टायरवाले आणि ग्रीसची डबकी. म्हणून गच्ची. घर आणि काटा यांच्यामध्ये एक गोदाम आणि एक मोकळा प्लॉट, बस्स. केबिनच्या खिडकीतून गच्ची सरळ दिसायची. सकाळच्या जेवणानंतर वीस फेऱ्या, संध्याकाळी वीस. तो इकडे पावत्या फाडत बसलेला असायचा आणि तिकडे आकाशावर मायाची ओढणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची, परत यायची. ड्रायव्हर खिडकीशी उभा राहून, "बाबू, जल्दी करो," म्हणायचा, आणि प्रशिक मनात मोजत असायचा, अकरा, बारा. एखाद्या दिवशी ती पंधरावर थांबली की तो फोन लावायचा. "काहून बसली? पाच बाकी आहेत ना अजून." ती म्हणायची, "चक्कर आल्यासारखं होऊन राहिलं." तो म्हणायचा, "दोन मिनिटं बस, पाणी पी, मग मार." ती मारायची. ती कधीच 'नाही' म्हणत नसे, आणि या गोष्टीचा त्याला त्या वेळी आनंद व्हायचा. आज या बाकावर बसून त्याला वाटलं, एकदा तरी तिनं फोन आपटायला हवा होता.

सातव्या महिन्यात कांताबाई, मायाची आई, उमरेडहून एसटीनं आली. सोबत मेथीचे, डिंकाचे, शेंगदाण्याचे लाडू घातलेला मोठा स्टीलचा डबा. डोहाळजेवण होतं. बिल्डिंगमधल्या बायका जमल्या, बुद्धवंदना झाली, मायाला हिरवी साडी नेसवून मधोमध बसवली, आणि एकेकीनं एकेक घास पुढे केला. प्रशिक दारातच उभा होता. खिशात यंत्र. बायका हसत होत्या, "पाहा बाप्पा जवाई, पोलिसावानी उभे आहेत!" तोही हसला, पण जागेवरून हलला नाही, आणि मायानं प्रत्येक घास ओठाला लावून खाली ठेवला. कांताबाईनं ते पाहिलं. सगळ्या गेल्यावर तिनं जावयाला बाजूला घेतलं. "जवाईबापू, थे दोन जिवाची आहे. तिले खाऊ द्या जी. तिचं तोंड पाहा कसं सुकलं."

"आई, माह्या मायचा पाय तुमी पायला नाई काय?" तो म्हणाला.

 मेलेल्या विहिणीचा पाय मध्ये आल्यावर कांताबाईनं लाडवांच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती परत गेली, आणि प्रशिकनं तो डबा उचलून काट्यावर नेला, घरात मोह नको म्हणून. लहानू नावाचा एक ड्रायव्हर होता, कोळशाची गाडी आणायचा, त्यानं एकट्यानं पाच लाडू खाल्ले. "कोणाकडचे गा हे? एकदम भारी आहेत." प्रशिक मोठ्या कौतुकानं म्हणाला, "सासूनं केले, बायकोसाठी." लहानू चावता चावता थांबला, मग हसला, मग सहावा घेतला. हे सगळं त्याला आता इतकं स्पष्ट आठवत होतं, की लहानूच्या मिशीला चिकटलेला डिंकही दिसत होता.

नाव पुकारलं. आत त्यालाही येऊ दिलं. अंधारी खोली, मायाच्या पोटावर थंड जेल, आणि पडद्यावर राखी रंगाचं ते. याआधी दोनदा पाहिलं होतं तेव्हा त्याला काही समजलं नव्हतं आणि तरी तो हसला होता. आज डॉक्टर बोलत नव्हते. एक रेघ ओढायचे, आकडा यायचा, दुसरी रेघ ओढायचे. डोकं ठीक आहे, ते स्वतःशीच म्हणाले. मग बाळाच्या पोटाभोवती एक गोल काढला, तो पुसला, पुन्हा काढला. पुन्हा. "पोट मागे आहे," ते म्हणाले. "डोक्याला पुरवतंय, पोटाला राहत नाही." मग ठोक्यांचा आवाज लावला, आणि रक्ताच्या लाटा पडद्यावर उमटल्या, आणि त्या लाटांच्या मधल्या दऱ्यांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. शेवटी खालच्या कोपऱ्यात वजन आलं. एक किलो दोनशे ऐंशी. प्रशिकनं ते वाचलं आणि त्याला काहीच अर्थ लागेना. त्याच्या काट्यावर दहा किलोच्या खालचं काही दिसतच नाही. ड्रायव्हरनं जेवणाचा डबा उतरवला न उतरवला, पान्हा काढला न काढला, काट्याला पत्ता नसतो. अकरा वर्षांत त्यानं किती हजार टन तोलले असतील, आणि एक किलो दोनशे ऐंशी म्हणजे हातात घेतल्यावर किती लागतं हे त्याला सांगता आलं नसतं. एवढं तर तुरीच्या डाळीचं पुडकं असतं, असं मनात आलं, आणि तो दचकला.

जिना चढताना माया पुढे होती. कठडा धरून एकेक पायरी. आणि मागून तिला पाहता पाहता त्याला आपली चूक एकदम समोर दिसली, उघडीवाघडी. काट्यावर अडतं ते जास्तीचं. ओव्हरलोड. चाळीस टनांच्या गाडीत बेचाळीस निघाले की आरडाओरड, फोन, दंड, माल उतरवा. आणि कमी? कमी भरलेल्या गाडीला आजवर कोणी हटकलं नव्हतं. हलकी गाडी आली की तो मान वर न करता पावती द्यायचा आणि हात हलवायचा, चल, पुढे. अकरा वर्षं. कमीमध्येही काही बिघाड असू शकतो हे त्याच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. दर रविवारी तो मायाला घरातल्या काट्यावर उभी करायचा, आकडा वाढला नाही की खूश व्हायचा, आणि तिच्या पाठीवर थाप मारायचा. शेवटचे तीन रविवार आकडा खाली गेला होता, तेव्हा तर त्यानं मित्राला फोन करून सांगितलं होतं.

मॅडमनी रिपोर्ट वाचला. या वेळी दोघांना खुर्चीवर बसवलं. "बाळाची वाढ कमी आहे," त्या म्हणाल्या. "चार आठवडे मागे आहे. वार लहान दिसते, आणि तिच्यातून बाळाला जाणारं रक्त जितकं हवं तितकं जात नाही. आजच्या आज काही धोका नाही, पण आता आपल्याला दर दोन-तीन दिवसांनी बघावं लागेल." मग त्यांनी मायाला विचारलं, दिवसभरात काय काय खाता. मायानं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे मी सांगितलं होतं?"

"मी केलं," प्रशिक म्हणाला. "हिनं नाही. मी. शुगर वाढू नाही म्हणून. मॅडम, त्यानंच झालं काय हे? का चालण्यानं? मी हिला रोज चाळीस फेऱ्या..."

"चालण्यानं नाही. चालणं वारेला चांगलंच असतं. बेतानं चाललं आणि पोटात अन्न असलं तर."

"म्हणजे खाण्यानं."

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा एकदा उलटून पाहिला. बाई प्रामाणिक होती, तिथंच तिनं त्याचा घात केला. "खाणं फार कमी पडलं, हे खरं आहे. पण तेवढ्यामुळेच झालं असं मी नाही म्हणणार. कधी कधी वार पहिल्या तीन महिन्यांतच नीट रुजत नाही. तेव्हा तर तुम्ही काही केलंच नव्हतं. मग पुढे कितीही खाल्लं तरी बाळ लहानच राहतं."

"मग हिचं कोणतं आहे? पहिलं का दुसरं?"

"ते सांगता येत नाही."

"नंतर? बाळ झाल्यावर? वार तपासून?"

"तपासू. पण तुम्हाला हवं तसं उत्तर बहुतेक नाही मिळणार."

प्रशिकला वाटलं, ही बाई आता ओरडली तर बरं होईल. मूर्ख आहेस, बायकोला उपाशी मारलंस, असं म्हणाली तर तो इथं जमिनीवर बसून रडेल तरी. किंवा तुझा काही दोष नाही म्हणाली तर घरी जाऊन झोपेल. त्या दोन्हींतलं काहीच त्याला मिळणार नव्हतं, आज नाही, दहा वर्षांनी नाही. मॅडम पुढे सांगत होत्या. बाळाच्या फुप्फुसांसाठी एक इंजेक्शन आज, एक उद्या. दर दोन-तीन तासांनी खायचं, पोळी, भात, डाळ, अंडं, शेंगदाणे, दूध, सगळं. शुगर दिवसातून दोनदाच बघायची आणि थोडी वर गेली तर मला फोन करायचा, जेवण कापायचं नाही. डाव्या कुशीवर पडायचं, बाळाची हालचाल मोजायची, कमी वाटली तर लगेच यायचं. रक्तपुरवठा आणखी घटला तर मुदतीआधीच बाळाला बाहेर काढावं लागेल.

"आता खाल्लं तर वाढेल ना मॅडम?" त्यानं विचारलं. "मी सगळं आणतो. काय म्हणाल ते."

"खाऊ द्या. वार जेवढं पोचवेल तेवढं पोचेल," मॅडम म्हणाल्या.

मोटरसायकल तिथंच ठेवून त्यानं ऑटो केला, धक्के बसू नयेत म्हणून. आणि मग त्याला सुचेनासं झालं. किराणा दुकान दिसलं की ऑटो थांबव. केळी घेतली. अंडी घेतली, पनीर घेतलं, खजूर, शेंगदाणे, दोन लिटर दूध. ऑटोवाला आरशातून बघत होता. रस्त्याच्या कडेनं जयंतीचे निळे झेंडे लागायला सुरुवात झाली होती, पोरं खांबावर चढली होती, आणि ऊन डोळ्यांत जात होतं. माया डाव्या बाजूला कलून बसली होती. डाव्या कुशीवर म्हटलं होतं तर ती ऑटोतच डावीकडे कलली होती, आणि सांगितलेलं सगळं असं लगोलग मानणारी ही बाई पाहून त्याला तिची भीती वाटली. फेब्रुवारीत ती एकदा म्हणाली होती, "एक संत्रं खाऊ काय?" गल्लोगल्ली ठेले लागले होते तेव्हा, सगळ्या शहराला वास. त्यानं सोलून तिला दोन फोडी दिल्या. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तिच्यासमोर बसून त्यानं स्वतः खाल्लं. आता एप्रिलात संत्री कुठून आणणार होता तो? आणली तरी फेब्रुवारीतलं पोट त्याला कोण परत देणार होतं? त्यानं मायाच्या हातावर हात ठेवला. तिनं काढून घेतला नाही, पण बोटंही हलवली नाहीत.

घरी आल्यावर त्यानं तिला बसवून ठेवलं आणि स्वतः ओट्याशी उभा राहिला. चार वाजले होते. भात टाकला, डाळीला फोडणी दिली, तीन अंडी उकडली, पोळ्या त्याला गोल जमत नव्हत्या तरी दोन लाटल्या आणि तुपानं माखल्या. ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं. माया त्या ताटाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "हे सगळं खाऊ?" आणि त्यानं मान हलवली. तिनं चार घास खाल्ले. पाचवा तोंडात फिरत राहिला. सहाव्याला तिला मळमळलं आणि तिनं ताट सरकवलं. "नाई जाऊन राहिलं हो. पोट भरलं."

"एवढ्यात कसं भरलं? खा वं. अंडं तरी खा. एक खा."

"नाई जात ना खरंच. आता भूकच नाई लागत मले. आधी लागे, खूप लागे. मग बंद झाली."

 त्यानं अंडं कुस्करलं, भातात कालवलं, लहान पोराला भरवावं तसा घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं. गिळलं. डोळ्यांत पाणी आलं तरी गिळलं. आणखी एक. मग तो थांबला, कारण हेही तेच होतं, तो सांगत होता आणि ती करत होती. हात धुऊन माया उठली, दाराशी गेली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं चालली?"

"फेऱ्या," ती म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात, एक बाहेर. आणि तिथंच, दाराला धरून, ती रडायला लागली. त्यानं तिला आणून पलंगावर बसवलं. ती मोठ्यानं रडत नव्हती, नुसती हलत होती.

"तुमाले एक सांगू काय? रागावू नका."

"नाही रागावत. सांग."

"त्या मॅडम म्हणत होत्या ना, सांगता येत नाई काहून झालं ते. मले माहीत आहे काहून झालं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मी चोरून खाल्लं."

प्रशिकला समजलं नाही.

"गच्चीवर. आईनं जाताना गूळ-दाणे दिले होते बांधून, ते मी टाकीमागं डब्यात ठेवले होते. फेऱ्या मारता मारता तिकडं गेली की तोंडात टाकून घेत होती. तिथून तुमाले दिसत नाई. त्या दिवशी शुगर एकशे बावन्न आली, आठवते, ते त्याच्यानंच आली. तुमी मंग रात्रीची पोळी बंद केली चार दिवस. मी तरी सोडलं नाई. मॅडमनं गोड बंद म्हटलं होतं ना? माह्यानंच झालं हे. तुमी तिथं सगळं आपल्यावर घेतलं, अन् मी गुपचूप बसून राहिली."

 सकाळपासून प्रशिकच्या छातीवर जे बसलं होतं ते कणभर हललं. गूळ. दाणे. रोज. त्यानं केबिनमधून डोळे लावून ठेवले होते तरीही, त्याच्या नाकावर टिच्चून, त्या बाळाला कोणीतरी काहीतरी पोचवत होतं. पोचलं असेल ना? मूठमूठ जरी असलं, दिवसाला एक मूठ, महिनाभर... त्याला एकदम आशा वाटली, इतकी की त्यानं तिचे दोन्ही दंड धरले.

"किती?" तो म्हणाला. "किती खात होती?"

आवाज तोच निघाला. किती आली, किती झाल्या, किती बाकी आहेत, असं विचारायचा तोच. मायाचे दंड त्याच्या हातात ताठ झाले.

"जास्त नाई."

"जास्त नाई म्हणजे किती? मूठभर?"

"नाई हो, मूठ कुठची. चार-सहा दाणे."

"माया, मी रागावून नाही राहिलो. देवाशपथ नाही. खूप खाल्लं असलं तर चांगलं आहे, समजलं? डबाभर खाल्लं असलं तर लय चांगलं. खरं सांग. रोज खाल्लं ना?"

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडावर आता काय आहे हे ती वाचू शकली असती, तर फार बरं झालं असतं. पण दोन महिने त्या तोंडाकडे बघून तिला एकच गोष्ट शिकता आली होती.

"रोज नाई," ती म्हणाली. "कधीमधी. आईची शपथ. दोनच दाणे."

प्रशिकनं पुन्हा विचारलं नाही. आणखी एकदा विचारलं असतं, तर तिनं ते दोन दाणेही कमी करून टाकले असते.